जुलाबांत पाणी आधी, गोळी नंतर : आतड्यांच्या जिवाणुसंसर्गावरील उपचारांचा क्रम

पोटात कळ येऊन जुलाब सुरू झाले की बहुतेक घरांत आधी औषधांचा डबा उघडला जातो आणि मागच्या आजारातून उरलेली एखादी प्रतिजैविकाची गोळी शोधली जाते. उपचारांचा क्रम इथेच उलटा होतो. जुलाबांच्या तीव्र आजारात रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि ही हानी कोणतेही प्रतिजैविक भरून काढू शकत नाही. शिवाय जुलाबांचे कित्येक आजार, विशेषतः लहान मुलांमधले, रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरससारख्या विषाणूंमुळे होतात; त्यांच्यावर जिवाणूंची औषधे चालतच नाहीत. म्हणून रुग्णाजवळ बसल्यावर तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत : शरीरातील पाणी किती गेले आहे, रुग्णाला रुग्णालयात हलवण्याची वेळ आली आहे का, आणि शेवटी, हा संसर्ग कशाचा असावा व त्याला प्रतिजैविकाचा उपयोग होईल का.

पाणी किती गेले, हे कसे पाहावे

जुलाब किती वेळा झाले यापेक्षा रुग्ण कसा दिसतो याला अधिक महत्त्व द्यावे. तोंडाला कोरड, लघवीचे प्रमाण कमी होऊन तिचा रंग गडद होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, मूल चिडचिडे होणे, डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे आणि पाणी दिसताच त्यावर तुटून पडणे ही पाणी बऱ्यापैकी कमी झाल्याची लक्षणे आहेत; या टप्प्यावर शरीराचे वजन साधारण ५ ते १० टक्क्यांनी घटलेले असते. पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत झाली तर ठीक, हळू बसली तर पाणी कमी आहे, आणि घडी दोन सेकंदांहून अधिक वेळ तशीच राहिली तर स्थिती गंभीर आहे. मात्र वृद्धांची त्वचा मुळातच सैल असते आणि कुपोषित मुलांमध्येही ही चाचणी फसवते, त्यामुळे अशा रुग्णांत केवळ चिमटीवर विसंबू नये. तान्ह्या बाळाची टाळू आत गेली आहे का, हेही हलक्या हाताने पाहावे.

रुग्ण ग्लानीत असेल, हाक मारल्यावर नीट प्रतिसाद देत नसेल, पाणी पिण्याचेही त्राण उरले नसेल किंवा हातपाय गार पडले असतील, तर घरी उपचार करत बसू नये. त्याला तत्काळ सलाईन लागणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार अशा रुग्णाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटर द्रव शिरेतून दिला जातो, तोही एक वर्षावरील व्यक्तीला सुमारे ३ तासांत आणि तान्ह्या बाळाला ६ तासांत. ही गती घरात साधता येत नाही. रुग्णालयात नेताना वाटेत, रुग्ण गिळू शकत असेल तर, घोटघोट जलसंजीवनी (ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचे मापून केलेले द्रावण) देत राहावे.

जलसंजीवनी : कसे बनवावे, किती द्यावे

लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडिअम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. कॉलऱ्याचे विष आतड्यांना पाणी व क्षार बाहेर टाकायला लावते, पण या वाहकाला हात लावत नाही. म्हणूनच जुलाब चालू असतानाही मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली तर पाणी शरीरात जाते, आणि नुसते पाणी दिले तर तितके जात नाही. या साध्या तत्त्वाची मोठी परीक्षा १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या काळात झाली. पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, सलाईनचा साठा संपला आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच पाजायला सुरुवात केली. जिथे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, तिथे ते ३.६ टक्क्यांवर आले. पाजणारे हात प्रशिक्षित नव्हते, ही या प्रसंगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब आहे.

सध्याच्या प्रमाणित पुडीत एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडिअम सायट्रेट असते. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच, मापाने, उकळून गार केलेले घ्यावे आणि पूर्ण पुडी एकदम त्यात टाकावी. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकणे ही नेहमीची चूक आहे. द्रावण घट्ट झाले तर रक्तातील सोडिअम वाढून मुलाला झटके येऊ शकतात, आणि पातळ झाले तर उपयोग घटतो. तयार द्रावण झाकून ठेवावे व २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पुडी मिळत नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवावे. त्यात पोटॅशिअम नसते, म्हणून पुडी मिळेपर्यंतची सोय इतकेच त्याचे स्थान मानावे. मीठ चुकूनही जास्त पडू देऊ नये. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते द्रावण टाकून नवे करावे.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. पाणी कमी झाल्याची लक्षणे नसतील तर प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्यांना हवे तितके द्यावे. लक्षणे दिसत असतील तर दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर द्रावण चार तासांत पाजायचे असते. १२ किलोच्या मुलाला ते ९०० मिलिलिटर होते. चार तासांनी पुन्हा पाहून पुढचे ठरवावे. उलटी झाली म्हणून पाजणे थांबवू नये. दहा मिनिटे थांबावे आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा या गतीने पुन्हा सुरू करावे. तहानलेल्या मुलाच्या हाती पेला दिला की ते घटाघटा पिते आणि सगळे ओकून टाकते. चमच्याने पाजणे कंटाळवाणे असले तरी पोटात टिकते ते त्यानेच.

बाटलीबंद गोड पेये आणि फळांचे गोड रस जलसंजीवनीऐवजी देऊ नयेत, कारण जादा साखर आतड्यांत आणखी पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. मधुमेह असलेल्या रुग्णालाही जलसंजीवनी नाकारण्याचे कारण नाही. त्यातील ग्लुकोज पाणी शोषले जाण्यापुरतेच असते, फक्त रक्तशर्करा वरचेवर तपासावी. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या आजाराची नेहमीची औषधे चालू असतील, तर जुलाब थांबेपर्यंत त्यांपैकी कोणती तात्पुरती बंद ठेवायची हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडावर ताण आणतात. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळावीत.

जेवण बंद करण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध नेहमीपेक्षा अधिक वेळा द्यावे आणि इतरांना पचेल ते, थोडेथोडे, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर सुरू करावे. लहान मुलांना जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केलेली आहे : सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानांना १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब थांबले तरी हा कालावधी पूर्ण करावा.

डॉक्टरांकडे कधी जावे

शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेलेला ताप, काहीही पोटात न ठरणाऱ्या उलट्या, सतत राहणारी व वाढत जाणारी पोटदुखी, ६ ते ८ तास लघवी न होणे, किंवा तीन दिवसांनंतरही उतार न पडणे, यांपैकी एक जरी असले तरी वैद्यकीय तपासणी हवी. सहा महिन्यांखालील बाळ, गरोदर स्त्री, वयोवृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यासाठी इतकीही वाट पाहू नये. एक बारीकसा खुलासा इथे करायला हवा : बिस्मथ (पोटाच्या काही औषधांतील घटक) किंवा लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, त्यामुळे घाबरण्यापूर्वी रुग्णाने काय घेतले आहे ते आठवावे आणि डॉक्टरांनाही सांगावे.

संसर्ग कशाचा असावा

प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधीही वेळ आणि लक्षणे मिळून बरेच सांगून जातात. खाल्ल्यानंतर १ ते ६ तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा अन्नात आधीच तयार झालेले विष पोटात गेले आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जिवाणू हाताळणाऱ्याच्या त्वचेवरून किंवा नाकातून अन्नात येतो आणि त्याचे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही; बॅसिलस सीरिअसचे बीजाणू (जिवाणूचे कवचातले सुप्त रूप) शिजवण्यातून वाचतात आणि शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की वाढतात. दोन्ही बाबतींत आजार साधारण एका दिवसात ओसरतो आणि प्रतिजैविकाला करण्यासारखे काही उरलेले नसते. ६ ते ७२ तासांनी ताप, कळा आणि जुलाब सुरू झाले तर साल्मोनेला, १ ते ३ दिवसांनी मुरडा येऊन आव व रक्त पडू लागले तर शिगेला, आणि २ ते ५ दिवसांनी कॅम्पिलोबॅक्टर, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. शिगेलाचे १० ते १०० जिवाणूही आजार देण्यास पुरतात, त्यामुळे तो एका घरातून एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. भाताच्या पेजेसारखे पांढरट पाणी भराभर जात असेल आणि रुग्ण काही तासांत खचत असेल, तर तो कॉलरा समजूनच वागावे.

अंदाज हा अंदाजच. ताप आणि रक्त असलेल्या, लांबलेल्या किंवा साथीतल्या आजारात शौचाचा नमुना तपासायला द्यावा, आणि तो प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी द्यावा. जिवाणू वाढवून ओळखण्यास दोन-तीन दिवस लागतात. जनुकीय चाचणी त्याच दिवशी उत्तर देते, परंतु कोणते औषध लागू पडेल हे कळण्यासाठी जिवाणू वाढवावाच लागतो.

प्रतिजैविक कुठे हवे, कुठे नको

शिगेलाच्या रक्ती आवेवर प्रतिजैविकाने आजार लवकर आटोक्यात येतो आणि प्रसारही कमी होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ही यासाठीची औषधे, परंतु जिवाणूंचा या औषधांना प्रतिरोध इतका पसरला आहे की निवड स्थानिक अहवालांवरूनच व्हावी. औषध सुरू झाल्यापासून ४८ तासांत ताप, रक्त आणि शौचाची संख्या यांत फरक दिसला नाही, तर औषध बदलण्यासाठी डॉक्टरांकडे परतावे. रक्त पडले म्हणजे अमिबा, असे धरून केवळ अमिबावरचे मेट्रोनिडाझोल घेणारे पुष्कळ असतात. ते शिगेलावर काम करत नाही. कॅम्पिलोबॅक्टर बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप बरा होतो आणि लक्षणे तीव्र असतील तर अझिथ्रोमायसिन दिले जाते. कॉलऱ्यात प्रौढांना डॉक्सिसायक्लिनची ३०० मिलिग्रॅमची एकच मात्रा जुलाबांचे प्रमाण व कालावधी घटवते, परंतु तीही पाण्याची भरपाई सुरू झाल्यानंतर.

साल्मोनेलाच्या साध्या जठरांत्रदाहात (जठर व आतड्यांपुरत्या संसर्गात) मात्र धडधाकट माणसाला प्रतिजैविक देऊ नये. त्याने आजार लवकर बरा होत नाही, उलट शौचातून जिवाणू बाहेर पडण्याचा काळ लांबू शकतो. तीन महिन्यांखालील बाळे, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांत जिवाणू रक्तात शिरण्याचा धोका असल्याने त्यांचा अपवाद केला जातो.

सर्वांत सावध राहावे ते शिगा नावाचे विष तयार करणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूबाबत. अर्धवट शिजलेले मांस, कच्चे दूध किंवा कच्च्या भाज्या यांतून तो येतो. सुरुवातीला पाण्यासारखे जुलाब, तीव्र कळा, आणि दोन-तीन दिवसांनी जवळजवळ नुसते रक्त. ताप मात्र नसतो किंवा अगदी थोडा असतो. यात प्रतिजैविकांची शिफारस केली जात नाही, कारण काही प्रतिजैविकांच्या माऱ्याने जिवाणू अधिक विष सोडतात. जुलाब रोखणाऱ्या गोळ्यांमुळे ते विष आतड्यांत अधिक काळ कोंडून राहते. निदान झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांत, साधारण आठवड्याने, जुलाब कमी होत आहेत असे वाटत असतानाच तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात, बिंबाणू (प्लेटलेट) घटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. लहान मुलांमध्ये हे अधिक घडते. म्हणून रक्ती जुलाब झालेले मूल पुढच्या आठवड्यात फिकट पडले, चेहरा सुजला, कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग आले किंवा लघवी घटली, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. २०११ मध्ये जर्मनीत याच गटातल्या ओ१०४:एच४ प्रकाराच्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. तिचा उगम मेथीच्या कच्च्या मोडांपर्यंत जाऊन पोहोचला. मोड येण्यास लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते, हे कच्चे मोड आरोग्यदायी म्हणून खाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी रक्त आणि ताप नसलेल्या प्रौढाने, प्रवासासारख्या अडचणीत, एखाद्‌दुसऱ्या दिवसापुरती घेतली तर हरकत नाही. लहान मुलांना ती देऊ नये.

वेगळ्या वाटेने जाणारे तीन संसर्ग

टायफॉइडचा जिवाणू आतड्यांतून शिरतो, पण आजार रक्ताचा असतो. रोज थोडा थोडा चढत जाणारा ताप, डोकेदुखी, मंदावलेली भूक, आणि जुलाबांऐवजी कित्येकदा बद्धकोष्ठता असे त्याचे रूप असते. टायफॉइडसाठी केली जाणारी रक्ताची विडाल चाचणी मागील संसर्गामुळे किंवा लसीमुळेही सकारात्मक येते. भरवशाची चाचणी म्हणजे रक्तातील जिवाणू वाढवून पाहणे, आणि त्यासाठीही रक्त प्रतिजैविकापूर्वीच काढावे. योग्य औषध मिळाल्यावरही ताप उतरायला ४ ते ६ दिवस लागू शकतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलून नवे औषध सुरू करण्याची घाई टाळावी. उपचार न झालेल्या रुग्णाचे पोट तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अचानक कडक होऊन दुखू लागले, तर आतड्याला छिद्र पडल्याची शंका घेऊन शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा संसर्ग तर बहुधा प्रतिजैविकांच्याच पोटी जन्माला येतो. आतड्यांतील नेहमीचे जिवाणू औषधाने मारले गेले की हा मोकळी जागा व्यापतो. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रतिजैविक घेतले असेल आणि आता दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ होत असेल, तर ही माहिती डॉक्टरांना न विचारता सांगावी. शक्य असेल तर ते आधीचे औषध थांबवले जाते आणि तोंडाने व्हॅन्कोमायसिन किंवा फिडॅक्सोमायसिन १० दिवस दिले जाते. त्याचे बीजाणू अल्कोहोलयुक्त निर्जंतुकाने मरत नाहीत, म्हणून साबण-पाण्यानेच हात धुवावेत.

जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी जुलाब देत नाही. तो वर्षानुवर्षे राहून अल्सर करतो आणि जठराच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. हे पटवण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः हा जिवाणू प्यायला, आणि २००५ मध्ये त्यांना व त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इथे, जुलाबांच्या उलट, औषधेच मुख्य असतात : आम्ल कमी करणारे औषध, बिस्मथ आणि दोन प्रतिजैविके, बहुधा १४ दिवस. तोंडाला कडवट चव येते म्हणून मध्येच सोडलेला उपचार पुढच्या वेळी अधिक अवघड होतो. जिवाणू गेला की नाही हे श्वास-चाचणीने तपासावे, परंतु प्रतिजैविके संपल्यानंतर किमान ४ आठवड्यांनी आणि आम्ल कमी करणारे औषध २ आठवडे बंद ठेवून. एरवी चाचणी खोटा दिलासा देते.

जुलाब थांबल्यावर

शेवटच्या जुलाबानंतर ४८ तासांपर्यंत रुग्णाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि कामावर किंवा शाळेत जाऊ नये. घरात वेगळे शौचालय शक्य नसेल तर नळाची तोटी, कडी आणि फ्लशचा खटका रोज क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसावा. दूध काही दिवस सोसले नाही तर घाबरू नये; आतड्याचे अस्तर भरून येईपर्यंत दुधातील साखर पचवणारे विकर (एन्झाइम) कमी पडते. पुढच्या काही आठवड्यांत सांधे सुजले तर डॉक्टरांना जुलाबांचा इतिहास सांगावा. पायांतून वर सरकणारा अशक्तपणा जाणवू लागला तर मात्र तातडीने रुग्णालयात जावे, कारण कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार उद्भवतो. साल्मोनेला बरे वाटू लागल्यानंतरही काही आठवडे शौचातून बाहेर पडत राहतो, म्हणून या काळात शौचानंतर आणि अन्नाला हात लावण्यापूर्वी साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. टायफॉइड किंवा शिगेला झालेल्या आणि अन्न हाताळण्याचे काम करणाऱ्या व्यक्तीने शौचाची तपासणी निर्दोष आल्याचे डॉक्टरांकडून कळेपर्यंत त्या कामावर परतू नये.